माळ्यावरची आरास



या व्यासपीठावर आपण इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकता. त्या पंक्तीत मी आज रंगीत कागद, बेगड आणि खळ घेऊन बसलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. व्यवसायाने मी शाळामास्तर होतो. छंद सणांची जुनी आरास जमवण्याचा. आरास म्हणजे देव नव्हे, मूर्तीही नव्हे. देवाच्या भोवती चार दिवस लावायचे आणि मग उतरवून ठेवायचे किंवा टाकून द्यायचे, ते. मखराचे खांब, आकाशकंदील, तोरणे, काचेचे रंगीत गोळे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे.

ऋतूला धरूनच आरंभ करतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. मधल्या एखाद्या दिवशी हळदीकुंकू. आपणा पुरुषांना त्यातली आंब्याची डाळ आणि पन्हे तेवढे आठवते. पण त्या दिवशी घरातल्या बायका दुपारभर खपत असत. डब्यांवर पाट, पाटांवर धुवट चादर, अशा पायऱ्या रचायच्या. त्यांवर चिनी मातीच्या बाहुल्या, सावंतवाडीची लाकडी फळे, मण्यांचे मोर, शिंपले मांडायचे. कलिंगड कातरून त्याचे कमळ करायचे. कमळ संध्याकाळी खाऊन संपे. बाकीचे जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत आणि पेटी माळ्यावर. आमच्या आईची ती पेटी वर्षातून एकदा खाली येई. माझ्या छंदाचे मूळ त्या पेटीत आहे.

हा छंद जगावेगळा आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा सण असतो. भुताखेतांचा सण म्हणा. त्या रात्री मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात आणि घरोघर भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या सणासाठी जर्मनीतले कारागीर कागदाच्या लगद्याचे भोपळे आणि मांजरे करून तिकडे पाठवीत. आत मेणबत्ती, डोळ्यांच्या भोकांना पातळ रंगीत कागद. पेनसिल्व्हेनियात १९०० साली निघालेली बीसल कंपनी, घडी उलगडली की मधाच्या पोळ्यासारखी फुगणारी कागदी आरास काढू लागली. डेनिसन कंपनीने तर १९०९ पासून आरास कशी करावी याच्या पुस्तिकाच छापल्या; अर्थात आपला क्रेप कागद खपावा म्हणून! सण सरला की हे सारे केरात. भोपळ्यांपैकी काही आतल्या मेणबत्तीनेच जळाले असतील. आता उरलेल्यांसाठी तिकडचे शौकीन शेकडो डॉलर मोजतात. वस्तू मुळात स्वस्त होती, म्हणून कोणी जपली नाही. कोणी जपली नाही, म्हणून ती महाग झाली.

आपल्याकडे संग्राहकांचे नाव काढले की पुण्याच्या दिनकर केळकरांचे स्मरण होतेच. १९२० च्या सुमारास सुरू केलेला संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला, आणि तो त्यांच्या बालपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभा आहे. दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंना त्यांनी मान मिळवून दिला. पण पितळेचा दिवा शंभर वर्षे अडगळीत पडला तरी चिंचेने घासला की उजळतो. कागदाला ही सवलत नाही. आणि गोव्याकडची माटोळी घ्या. गणपतीवर टांगलेले ते फळाफुलांचे, रानवेलींचे छत! जे आठवड्यात सुकते ते कोणत्या कपाटात ठेवणार? तेथे संग्राहकाने हात जोडावे हे बरे.

कागदाची वस्तू किती जुनी हे ओळखावे कसे, असे मला पुष्कळदा विचारतात. माझी युक्ती सोपी आहे. वस्तूची पाठ पाहावी. जरीच्या टिकल्या लावून सजवलेले रविवर्म्यांचे लक्ष्मीचे चित्र पुष्कळ घरांत असे. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणून चित्राखाली छापलेले गाव आधी वाचावे. टिकल्या मात्र छापखान्याच्या नव्हेत, त्या घरच्या सुनेच्या. बाहुलीच्या खोक्यावर किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ च्या आधीची. नव्या पैशांत असेल तर १९५७ ते १९६४ मधली, कारण पुढे 'नवे' हा शब्द गळला. माझ्याकडच्या एका आकाशकंदिलाच्या बुडाला वर्तमानपत्राचा कपटा आहे, त्यावर १९५८ साल स्पष्ट वाचता येते. यावरून कंदील १९५८ चा ठरत नाही. त्याच्या आधीचा नाही, एवढेच ठरते. रद्दी घरात किती वर्षे पडून असते हे आपण जाणताच.

जपणुकीविषयी दोनच शब्द. आपल्या ठाण्याची हवा दमट, आणि खळ म्हणजे शिजवलेली कणीक. झुरळांना आणि कसरीला ते पक्वान्नच. म्हणून जुने लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालीत. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नये, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. काळी पडलेली बेगड घासू नये, हातात तुकडाच येतो.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. परगावच्या माणसाला आमचा माजिवडा म्हणजे घोडबंदरचा रस्ता नाशिकच्या महामार्गाला मिळतो तो नाका आणि त्यावरचे पूल. पण नाक्याआड जुने गावठाण आहे. तेथले कौलारू घर पाडून इमारत होते, तेव्हा माणसांना सदनिका मिळतात. माळ्याला काही मिळत नाही. माळ्यावरचे भंगारात जाते. अशाच एका घराचे चार खांबांचे मखर मी भंगारवाल्याकडून लाकडाच्या भावाने घेतले. त्यावर कागदाची पुटे चढली होती. सगळी सोलून काढून आतले मूळचे रूप पाहावे, असा माझा बेत होता. संग्राहकाला 'मूळचे' या शब्दाचा फार मोह.

श्रावण सरता सरता त्या घरच्या आजी नातवाचा हात धरून आल्या. म्हणाल्या, "मास्तर, आमचं मखर तुमच्याकडे आहे असं ऐकलं. पाच दिवसांपुरतं द्या, विसर्जन झालं की आणून ठेवते." मी काचकूच केली. जुनी वस्तू, खिळे मारू नका, समईची काजळी लागेल, असे बरेच बोललो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग मलाच लाज वाटली. मखर कुणाचे आणि अटी कोण घालतो! दिले.

परत आले ते वर लाल घोटीव कागद चिकटवूनच. मला राग आला, तो मी दाखवलाही. आजी खाली बसल्या. एका खांबाचा कोपरा फाटला होता, तेथल्या पुटांच्या कडा नखाने उलगडीत त्या सांगू लागल्या. हा हिरवा, बोअरिंगला पाणी लागले त्या वर्षीचा. ही बेगड थोरल्याच्या लग्नाच्या वर्षीची, तेव्हा हात सैल होता. हा वर्तमानपत्राचा, त्या साली कागदाला पैसे नव्हते म्हणून त्यावर गेरू फासला. अशी अकरा पुटे त्यांनी मला वाचून दाखवली. सगळ्यांत आतला गुलाबी पतंगी कागद त्यांच्या सासूचा. त्याविषयी त्यांनाही ठाऊक नव्हते. मी ही पुटे गरम पाण्याने सोलणार होतो.

त्या दिवसापासून मी वही घातली आहे. वस्तू घेताना देणाऱ्याला बसवतो, कोणी केली, कोणत्या वर्षी, कशाने चिकटवली, हे विचारतो आणि मगच पैशांचे बोलतो. पुष्कळदा बोलता बोलता माणसाचे विकण्याचे मन उडते आणि मी रिकाम्या हाताने परततो. संग्रह त्यामुळे वाढत नाही, हे खरे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून थर्माकोलची मखरेही जुन्यांत जमा झाली. एक मी ठेवले आहे. दिसायला ओबडधोबड, पण त्याच्या मागे पेन्सिलीने काढलेली मापे आहेत, तीही वहीत उतरवली.

आजी आता नाहीत. गेल्या भाद्रपदात नातू एकटाच आला. कागद त्याने आणला होता, निळा. कोणत्या खांबापासून लावायला सुरुवात करायची, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. वहीत पाहिले, तर तेवढेच विचारायचे राहिले होते. शेवटी त्याच्या आईला बोलावणे पाठवले. त्या आल्या, डावीकडच्या मागच्या खांबाला हात लावला आणि म्हणाल्या, येथून. खळ मी शिजवली होती. मोरचूद घालायला मात्र विसरलो.