शाळा चांगली की वाईट, हे कोणी ठरवायचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेविषयी पालकांचे मत काय, असे विचारले की आपल्यातील सुशिक्षित चटकन उत्तर देतात : ‘लोकांना इंग्रजी हवे, टाय-बूट हवेत, म्हणून ते मुले काढून नेतात.’ हे उत्तर मला अपुरे वाटते आणि थोडे उद्दामही. इंग्रजी शाळेची बस दारात येते, तिची भुरळ पडते, हे खरे. परंतु महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालीच सुरू झाला. तरीही खासगी शाळांकडचा ओघ थांबला नाही. त्याअर्थी पालक आणखी काही सांगत आहेत.

खेड्यातील पालकांशी निवांत बोलून पाहा. ‘गुरुजी चांगले आहेत, पण वर्गावर असतात कुठे?’ हे वाक्य हटकून कानी येते. शाळेत दोन गुरुजी. एक पंचायत समितीत बैठकीला गेलेले आणि दुसऱ्यांनी सगळ्या इयत्ता एकाच खोलीत बसविलेल्या. हे गाऱ्हाणे कायद्याशी ताडून पाहिले म्हणजे डोळे उघडतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोनच. म्हणजे पालक जिला दुरवस्था म्हणतात, ती नियमानुसारच चाललेली आहे! कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावण्यास मनाई करते. मात्र जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका यांना त्यातून सूट आहे. शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि रोज वरून मागविली जाणारी माहिती यांना शैक्षणिक काम म्हणायचे की काय, हे एखाद्या शिक्षणाधिकाऱ्यानेच सांगावे.

तेव्हा पालकांचे निदान चुकीचे नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मताला वजन का नाही, हा.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याची उकल केली आहे. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. सार्वजनिक शाळेच्या बाबतीत, दर्जाविषयी सर्वांत जागरूक आणि ऐपत असलेले पालक आधी बाहेर पडतात. जे भांडू शकले असते तेच गेल्यामुळे शाळा अधिकच घसरते. बाजारपेठेचे भक्त म्हणतात, स्पर्धेमुळे दर्जा सुधारतो; येथे नेमके उलट घडते. आपल्याकडे सरपंच, ग्रामसेवक, दुकानदार आणि खुद्द शिक्षकांपैकी अनेकांची मुले अन्यत्र शिकतात. मागे उरतात शेतमजूर, ऊसतोड कामगार, भटक्या जमातींतील कुटुंबे. त्यांनाही मत आहे. परंतु रोजगार बुडवून ते तालुक्याला सांगायला कोण जाणार?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचावे. कष्टकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप मूलतः अर्थशास्त्रीय होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेचा आणि परिसर शाळेचा पुरस्कार केला, तोही सर्व थरांतील मुले एका शाळेत आली तरच ती शाळा सुधारेल, याच जाणिवेतून. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांची मुले सरकारी शाळांत जावीत, अशी व्यवस्था करण्याचा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला. तो कागदावरच राहिला, याचे आश्चर्य वाटू नये.

हातात एक साधन मात्र आहे. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचेच काम. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ठराव आधी लिहिलेला असतो आणि सह्या-अंगठे मागाहून घेतले जातात. आपल्या शाखांनी सभा संध्याकाळी, मजुरीहून बायका परतल्यावर बोलविण्याचा आग्रह धरावा, आराखडा मोठ्याने वाचून दाखवायला लावावा आणि तिसऱ्या शिक्षकाची मागणी त्यात लिहून घ्यावी.

आणि एक विनंती. आपल्या सभासदांपैकी किती जणांची मुले वा नातवंडे सरकारी शाळेत शिकतात, हा विषय पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. उत्तरे तोंडी नकोत. शाळेच्या नावासह लेखी घ्यावीत.