विलायतेतील हरवलेली मैदाने



७ सप्टेंबर १९८५ चा शनिवार. लंडन शहराच्या आग्नेय अंगाला, थेम्स नदीच्या जवळच, चार्लटन नावाची वस्ती आहे. तिथल्या 'द व्हॅली' या मैदानावर त्या दुपारी फुटबॉलचा सामना होता. नेहमीची माणसे नेहमीसारखी आली. फाटकातून आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एक कागद पडला. असेल एखादी जाहिरात, असे वाटून लोकांनी तो उघडला, तर आत लिहिलेले की, आपला क्लब हे मैदान सोडून जात आहे. यापुढचे सामने दक्षिण लंडनमधल्या दुसऱ्याच एका क्लबच्या मैदानावर होतील. दोन आठवड्यांनी, २१ सप्टेंबरला, शेवटचा सामना झाला आणि फाटकाला कुलूप लागले. वर्षानुवर्षे तिथे येणाऱ्या माणसांना आधी कुणी विचारलं होतं का? छे, नाव नको!

आता तुम्ही म्हणाल, लांबच्या विलायतेतले मैदान बंद पडले, त्याची कथा आम्हांला कशाला? एक तर हा खेळ तुमच्या शाळेतली मुले खेळतात. गोऱ्या शिपायांबरोबर तो आपल्याकडे आला; मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ साली सुरू झाले. पण खरे सांगायचे तर मी खेळाबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त बोलणार आहे. जमिनीची गोष्ट निघाली की तुम्ही कान देऊन ऐकता, हे मला ठाऊक आहे.

ही मैदाने झाली कशी ते आधी पाहू. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने गिरणीतल्या बायका-मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचे ठरले. पुढे हळूहळू बाकीच्या कामगारांनाही शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. मोकळ्या दुपारी करायचे काय? फुटबॉल! १८६३ साली खेळाचे नियम ठरवणारी संस्था निघाली, १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली आणि बघणाऱ्यांची गर्दी लोटू लागली. या क्लबांपाशी पैसा बेताचा. तेव्हा जिथे जमीन स्वस्त तिथे मैदान. कुणाला रेल्वेच्या भरावाखालची पट्टी मिळाली, कुणाला कारखान्यामागचा माळ. डर्बी गावात एका ओतशाळेच्या मालकाने बेसबॉलसाठी जागा तयार केली होती. बेसबॉल काही तिथे रुजला नाही. फुटबॉलवाले आले आणि १८९५ पासून १९९७ पर्यंत त्या जागेचे नाव 'बेसबॉल ग्राउंड' असेच राहिले.

जमीनमालक आणि क्लब यांची भांडणेही तेव्हापासूनची. लिव्हरपूलचा एव्हर्टन क्लब आधी अ‍ॅनफील्ड या मैदानावर खेळत असे. भाड्यावरून मालकाशी फाटले, तेव्हा १८९२ साली एव्हर्टनची मंडळी उठली आणि जवळच गुडिसन पार्क येथे गेली. मालकाकडे मैदान उरले, खेळणारे कुणी नाहीत! मग त्याने नवाच क्लब काढला. आज जगभर नाव असलेला लिव्हरपूल क्लब तो हाच. भाडेकरूशी भांडण कधी कधी असेही फळते.

आणि आपली व्हॅली? ती मुळात वाळू-खडूची पडीक खाण होती. १९१९ साली चार्लटनच्या क्लबने ती घेतली, पण सपाट करायला पैसे कुठे होते? वस्तीतली माणसे फावडी-कुदळी घेऊन आली. त्यांनी खड्डा खणून मैदान केले आणि निघालेली माती कडेला रचून बघणाऱ्यांसाठी उतार केला. आपल्याकडे आपण याला श्रमदान म्हणतो. त्याच उतारावर पुढे प्रचंड पायऱ्या झाल्या आणि १९३८ साली एका सामन्याला ७५,०३१ माणसे जमली.

पायऱ्या म्हणजे बसायच्या नव्हेत, बरं का. उभ्याने बघायच्या. जत्रेत कुस्तीच्या फडाभोवती माणूस माणसाला चिकटून उभा असतो ना, तसे. तिकीट स्वस्त. बाप मुलाला घेऊन येई, मूल मोठे झाले की आपल्या मुलाला घेऊन त्याच कठड्यापाशी उभे राही. जागेवर नाव लिहिलेले नसे, पण ती जागा अमक्याची हे सगळ्यांना माहीत असे. तुमच्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची.

इथे थोडे थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. जुने ते सोने म्हणून या मैदानांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. ती मैदाने माणसांच्या जिवावर उठत, हे ते विसरतात. १९०२ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर लोखंडी सांगाड्यावर बसवलेला लाकडी फळ्यांचा भाग गर्दीच्या भाराने कोसळला आणि पंचवीस माणसे दगावली. तो आर्चिबाल्ड लीच या इंजिनीअरने आखला होता. हा गृहस्थ खचून गेला नाही, शिकला. मातीच्या भक्कम भरावावर पायऱ्या कशा घालाव्यात हे त्याने पुढे ठिकठिकाणी करून दाखवले, आणि ब्रिटनमधल्या कितीतरी मैदानांवर त्याचा हात फिरला. एवढ्याने संकट टळले नाही. १९४६ साली बोल्टन गावच्या बर्न्डन पार्कमध्ये चेंगराचेंगरीत तेहतीस माणसे गेली. १९७१ साली त्याच आयब्रॉक्सच्या जिन्यावर सहासष्ट. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्ड येथे विजयोत्सवाच्या दिवशीच लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांच्या खाली वर्षानुवर्षांचा कचरा साठला होता. काही मिनिटांत सारे पेटले आणि छप्पन्न माणसे गेली. हंगाम संपला की तो स्टँड नवा करायचा, असे ठरलेले होते.

मग आला १५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी कुंपणामागच्या पायऱ्यांवर चिरडले गेले. एकूण सत्त्याण्णव जीव गेले. त्यांतला शेवटचा, त्या दिवशी झालेल्या इजांमुळे, २०२१ साली. कितीतरी वर्षे दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला जात होता. त्यांचा काहीही दोष नव्हता असा निर्णय पंचांनी दिला तो २०१६ साली. सत्तावीस वर्षे घरच्यांनी तो डाग सोसला!

या दुर्घटनेची चौकशी न्यायमूर्ती टेलर यांनी केली. जानेवारी १९९० च्या अहवालात त्यांनी सांगितले की, मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला बसायला खुर्ची हवी. खुर्ची आली म्हणून गरिबाचे तिकीट महाग व्हायलाच हवे असे नाही, हेही त्यांनी बजावले होते. पहिले ऐकले गेले, दुसरे नाही. खुर्च्या बसवायच्या तर जुन्या, गल्लीबोळांत कोंडलेल्या मैदानांत जागा पुरेना. उलट, गावाबाहेर जमीन मोकळी आणि गावातली जागा सोन्याच्या भावाची झालेली. जुने विका, नवे बांधा, अशी लाटच आली. मिडल्सबरोचे एअरसम पार्क १९९५ साली गेले. १९९७ साली बोल्टन, डर्बी, संडरलंड. पुढे साउदॅम्प्टन, लेस्टर, मँचेस्टर आणि लंडनमधली कितीतरी.

त्या जागी आज काय आहे? बर्न्डन पार्कच्या जागी दुकाने आहेत. सामन्याला निघालेल्या तिथल्या गर्दीचे एल. एस. लाउरी या चित्रकाराने १९५३ साली काढलेले चित्र मात्र २०२२ साली अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना विकले गेले. लंडनच्या हायबरीत आर्सेनल क्लब १९१३ पासून २००६ पर्यंत खेळला. तिथल्या पूर्वेकडच्या स्टँडची दर्शनी बाजू कायद्याने राखून मागे सदनिका केल्या. खेळाच्या पटांगणाची बाग झाली. संडरलंडच्या रोकर पार्कवर घरे झाली आणि गल्ल्यांना नावे दिली 'गोलमाउथ क्लोज', 'प्रमोशन क्लोज' अशी. त्यांचे नवे मैदान उभे राहिले ते बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीवर. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचे स्मारक आहे. मला हे आवडले. ज्यांच्या घामावर गाव उभे राहिले त्यांची आठवण तरी ठेवली.

एअरसम पार्कची एक गंमत सांगतो. १९६६ च्या विश्वचषकात तिथे उत्तर कोरियाच्या अनोळखी संघाने बलाढ्य इटलीला एक गोलने हरवले. गोल पाक डू-इक या खेळाडूचा. आता तिथे घरे आहेत. पण जिथून तो गोल मारला, त्या जागी एका घरापुढच्या बागेत बुटाच्या खिळ्यांचा ठसा धातूत ओतून बसवला आहे. २००२ साली त्या संघातले हयात खेळाडू मिडल्सबरोला पुन्हा आले, तेव्हा गावाने त्यांचे घरच्या माणसांसारखे स्वागत केले.

सगळ्याच गावांची गोष्ट अशी नाही. समुद्रकाठच्या ब्रायटन शहराचे गोल्डस्टोन मैदान १९०२ पासूनचे. १९९५ साली क्लबच्या चालकांनी ते विकले, आणि नवी जागा मात्र ठरवलेली नव्हती! घर विकून भाड्याची खोलीही न बघणाऱ्या कारभाऱ्याला आपण काय म्हणू? प्रेक्षकांनी मोर्चे काढले, निषेध केले, उपयोग झाला नाही. २६ एप्रिल १९९७ ला शेवटचा सामना झाला, आणि लोकांनी हिरवळीचे तुकडे, खुर्च्या, हाताला लागेल ते आठवण म्हणून घरी नेले. पुढची दोन वर्षे 'घरचा' सामना सत्तर मैलांहून लांब जाऊन बघावा लागे. नंतर धावण्याच्या शर्यतींच्या एका मैदानावर बिऱ्हाड केले. स्वतःचे मैदान मिळायला २०११ साल उजाडले.

आणि चार्लटन? तिथे मैदानाची मालकी क्लबकडेच नव्हती. त्यातच ब्रॅडफर्डच्या आगीनंतर पूर्वेकडच्या त्या प्रचंड पायऱ्या सुरक्षिततेसाठी बंद ठेवायला लावल्या होत्या. दार बंद झाल्यावर व्हॅलीत रान माजले. १९८९ साली क्लबने परत येण्याचे ठरवले, तेव्हा माणसे पुन्हा फावडी घेऊन आली. सत्तर वर्षांपूर्वी आजोबांनी जे केले तेच नातवांनी केले: झुडपे तोडली, कचरा गोळा करून पटांगणात पेटवला. पण १९९० च्या जानेवारीत नगरपालिकेने बांधकामाची परवानगी नाकारली.

पुढची हकीकत शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला जरूर सांगावी. मे महिन्यात नगरपालिकेची निवडणूक होती. फुटबॉलच्या या शौकिनांनी सरळ एक पक्षच काढला, 'व्हॅली पार्टी'. मागणी एकच: आमचे मैदान परत द्या. बासष्टपैकी साठ जागांवर त्यांनी उमेदवार दिले. निवडून एकही आला नाही. पण १४,८३८ मते पडली आणि परवानगी नाकारणाऱ्या समितीचा अध्यक्षच पडला. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. ५ डिसेंबर १९९२ ला चार्लटन व्हॅलीत परतला आणि तो सामनाही जिंकला. आज ते मैदान तिथेच आहे.

ब्रायटन आणि चार्लटन, दोन्हीकडची माणसे सारखीच कळवळ्याची. एका ठिकाणी विक्रीचा कागद आधीच झाला होता, दुसऱ्या ठिकाणी मतपेटी वेळेवर मिळाली. पुढे २०२५ साली इंग्लंडात फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना मैदान विकायचे किंवा सोडून जायचे झाले, तर आता एका स्वतंत्र नियामकाची संमती घ्यावी लागते. वहिवाटीची एवढी तरी नोंद झाली म्हणायची.

त्याच साली, १८ मे रोजी, एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्कवर आपला शेवटचा सामना खेळला आणि तो नदीकाठच्या जुन्या गोदीवरच्या नव्या मैदानात गेला. गुडिसनच्या हिरवळीच्या कडेला शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत; त्यांनीच तशी इच्छा सांगून ठेवली होती. ते मैदान पाडायचे होते, पण तो बेत बदलला. आता तिथे त्याच क्लबचा महिलांचा संघ खेळतो.

कधी ग्लासगोला जाण्याचा योग आलाच, तर कॅथकिन पार्क बघा. थर्ड लॅनार्क नावाचा क्लब तिथे खेळत असे. १९०४ साली तो स्कॉटलंडमध्ये पहिला आला. १९६०-६१ च्या हंगामात त्याने लीगमध्ये शंभर गोल केले आणि नंतर सहाच वर्षांत, १९६७ साली, कारभार ढासळून बुडाला. जागेवर घरे मात्र झाली नाहीत. आता ती सार्वजनिक बाग आहे. तीन बाजूंना जुन्या पायऱ्या अजून आहेत, त्यांच्या फटींतून झाडे उंच गेली आहेत, आणि कुठे कुठे लाल रंग दिलेले कठडे उभे आहेत. आत कुणालाही जाता येते. मधल्या हिरवळीवर पोरे खेळत असतात.