पु.लं.नी सुचवलेलं

‘बटाट्याची चाळ’ म्हणजे मंचावर एकटे पु. ल. देशपांडे आणि चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्यांच्या आवाजात. पण या हसवणाऱ्या माणसाला जे जे आवडलं, ते त्याने आपल्यापर्यंत पोहोचवलं. हेमिंग्वेचा समुद्रावरचा म्हातारा ‘एका कोळियाने’मधून मराठीत आला, शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ घडली. पत्नी सुनीताबाईंसोबत त्यांनी बोरकर, मर्ढेकर आणि आरती प्रभूंच्या कवितांचे जाहीर कार्यक्रम केले. कविता नीट मोठ्याने वाचली, की निम्मा अर्थ कानांनाच कळतो, हे त्या वाचनात पुरेपूर जाणवतं. मला तर हे काम त्यांच्या विनोदाइतकंच मोलाचं वाटतं. बोरकरांवरच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. घरातल्या मुलांना शेजारी बसवून ते जरूर ऐका.