सुईनं काय कळतं, काय कळत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याखाली सूज दिसली की आपल्याकडे पहिला शब्द आठवतो तो गालगुंड. मग हळदीचा लेप होतो, शेक होतो. गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरतं. पण एखादी गाठ दुखतही नाही आणि उतरतही नाही. महिनोन् महिने तिथंच बसून राहते. शेवटी डॉक्टर ‘एफएनएसी’ लिहून देतात. म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून घेऊन तपासणं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईतून आलेला तो थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं रोजचं काम. त्या थेंबातून काय कळतं आणि काय कळत नाही, ते आज सांगते.

आपल्या तोंडाभोवती मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यांतल्या दहापैकी साधारण आठ साध्या असतात. मात्र ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक. एकंदरीत लाळग्रंथींचे कर्करोग दुर्मीळच. पण त्यांचे प्रकार वीसहून जास्त आहेत. त्यांतले काही प्रकार एखाद्या पॅथॉलॉजिस्टला अख्ख्या कारकिर्दीत एकदा-दोनदाच दिसतात.

खरी अडचण पुढेच आहे. साध्या गाठी आणि सावकाश वाढणारे कर्करोग बऱ्याचदा एकाच तऱ्हेच्या पेशींचे बनलेले असतात. फरक असतो तो गाठीनं आपली वेस ओलांडून शेजारच्या भागात, नसांमध्ये शिरकाव केला आहे का, यात. सुईतून पेशी येतात, वेस येत नाही. विटा हाती लागतात, घराचा नकाशा लागत नाही.

यात मी एकदा चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. काचपट्टीवर लहान, एकसारख्या पेशी आणि त्यांच्यामध्ये गडद गुलाबी-जांभळा पदार्थ दिसला. मी ‘प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा’ असं लिहून दिलं. ही लाळग्रंथीची सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. सर्जननी त्या बेतानं शस्त्रक्रिया केली. काढलेली गाठ तपासली तेव्हा निघाला ‘ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’. हा कर्करोग हळूहळू वाढतो, पण नसांच्या कडेकडेनं सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा परत डोकं वर काढू शकतो. बाईंना दुसरी शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार सोसावे लागले.

मी जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या. साध्या गाठीत तो गुलाबी पदार्थ पिंजलेल्या कापसासारखा तंतुमय असतो, पेशी त्यात मिसळून जातात. इथं त्याचे स्वच्छ कडांचे गोल गोळे होते. खूण होती, ती मी वाचली नव्हती. आणखी एक गोष्ट कळली. बाईंच्या जिभेला त्या बाजूनं कित्येक महिने मुंग्या येत होत्या. तपासणीच्या फॉर्मवर ते कुणी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आता अशा तपासण्यांचे अहवाल कसे लिहावेत याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ‘मिलान पद्धत’ या नावाची ही पद्धत २०१८ साली पुस्तकरूपानं आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात एक वर्ग असा आहे : नव्यानं वाढलेली गाठ आहे, पण साधी की घातक हे निश्चित सांगता येत नाही. अशा गाठींपैकी साधारण एक तृतीयांश पुढे कर्करोगाच्या निघतात. असा अहवाल हातात पडला की लोक चिडतात. एका रुग्णाचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, पैसे घेऊन ‘सांगता येत नाही’ असं लिहिलंत?” त्याचा राग मी समजू शकते. पण हेसुद्धा उत्तरच आहे. ते वाचून सर्जन सावध होतो आणि शस्त्रक्रिया किती मोठी करायची ते ठरवतो. पॅरोटिडच्या मधूनच चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. म्हणून आधीची तयारी मोलाची. उलट, सुईत क्षयाची गाठ निघाली तर शस्त्रक्रिया टळून औषधांवर भागतं.

सुईतून जास्तीचा नमुना मिळाला तर तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून पुढच्या तपासण्या करता येतात, अगदी जनुकांच्याही. ‘सिक्रिटरी कार्सिनोमा’ हा प्रकार अलेना स्कालोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली वेगळा ओळखला. तोवर तो बहुधा दुसऱ्याच नावाखाली जमा होत असे. यातल्या बहुतेक रुग्णांत दोन विशिष्ट जनुकं एकमेकांना जोडली गेलेली असतात. रोग पसरलेला असेल तर त्याच दोषावर नेम धरणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. नेमकं नाव कळण्याला आता असा अर्थ आला आहे.

एक भीती मात्र घालवायला हवी. “गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो” असं घरोघरी ऐकू येतं. ही सुई इंजेक्शनच्या साध्या सुईएवढीच बारीक असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सुईतपासणीचे अनुभव १९३० साली प्रसिद्ध केले. पुढे स्वीडनमध्ये बारीक सुईचं तंत्र विकसित झालं. इतक्या वर्षांच्या अनुभवात बारीक सुईमुळे रोग पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. सुईला घाबरून वर्षभर घरी बसणं कितीतरी जास्त महागात पडतं.

तेव्हा सुईतपासणीला जाताना काही गोष्टी आपणहून सांगा. गाठ कधीपासून आहे, अलीकडे वेगानं वाढली का, दुखते का, बधिरपणा आहे का, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं का, पूर्वी कातडीचा किंवा दुसरा कुठला कर्करोग झाला होता का. अहवालाबरोबर काचपट्ट्यांची चौकशी करा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं तर कागदापेक्षा त्या काचा उपयोगी पडतात. असं मत मागितल्यानं आम्हा डॉक्टरांचा अपमान होत नाही.

त्या बाई पुढे बरीच वर्षं तपासणीसाठी येत राहिल्या. मी माझी चूक त्यांना सांगितली होती. आता फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, सुई हातात घेण्याआधी मी समोरच्याला विचारते, “जिभेला, ओठाला मुंग्या येतात का?”