कंपनी आणि तिचा धनी

व्याकरणांत पुरुष तीन. आयकराच्या कायद्यांत ते सात आहेत. एकटी व्यक्ति, अविभक्त हिंदु कुटुंब, कंपनी, भागीदारीची पेढी, व्यक्तींचा संघ, नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था, आणि या सहांत कोठेंच न बसणारी परंतु कायद्यानें जिला व्यक्तित्व बहाल केलें आहे अशी विद्यापीठासारखी संस्था, असे हे सात होत. देवळांतील देवतेस मात्र १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पहिल्याच वर्गांत, म्हणजे 'व्यक्ति' या शब्दांत, बसविलें. देवालाही उत्पन्नाचा हिशेब चुकत नाहीं!

या सातांपैकीं पहिली आणि तिसरी, म्हणजे व्यक्ति आणि कंपनी, यांच्यामधील संबंध मध्यमवर्गीय कुटुंबांना सर्वांत अधिक जाचतो. कारण तो घरांतल्या घरांत उत्पन्न होतो. वडिलांचा छापखाना असतो. मुलगा हाताशीं येतो, धंदा वाढतो, आणि कोणाच्या तरी सल्ल्यानें त्याची 'प्रायव्हेट लिमिटेड' कंपनी केली जाते. दारावरची पाटी बदलते. यंत्रें तींच, खुर्ची तीच, पैशाची पेटी तीच, आणि पेटीची किल्लीही त्याच कनवटीला! पेटींतला पैसा पूर्वींसारखाच आपला आहे, असें त्या गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. कायद्याच्या दृष्टीनें मात्र त्या दिवसापासून तो पैसा दुसऱ्याचा झालेला असतो.

हें 'दुसरेपण' प्रथम निःसंदिग्धपणें ठरलें तें इंग्लंडांत. सॉलोमन नांवाचा बूट तयार करणारा एक व्यापारी लंडनमध्यें होता. त्यानें आपला धंदा कंपनीच्या नांवें केला. एकंदर २०,००७ भागांपैकीं २०,००१ त्याचे स्वतःचे, आणि उरलेले सहा बायको व पांच मुलें यांचे, दरेकीं एक. कंपनी बुडाली तेव्हां धनको म्हणूं लागले कीं, कंपनी म्हणजे सॉलोमनच. तेव्हां तिचें कर्ज त्यानें फेडावें. १८९६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यांचें म्हणणें फेटाळलें. कंपनी निराळी आणि सॉलोमन निराळा, असा निकाल झाला. जगांतील कितीतरी व्यापार आज या एका भिंतीच्या आडोशानें चालतो.

भिंत उभी राहिली कीं तिच्या आड लपण्याची बुद्धि कोणास तरी होणारच. मुंबईचे सर दिनशा माणेकजी पेटिट हे गिरणीमालक घराण्यांतील बडे धनिक. त्यांस भाग व रोखे यांपासून लाभांशाचें व व्याजाचें मोठें उत्पन्न होतें. त्या काळीं व्यक्तीवरील सुपर-टॅक्स उत्पन्नाबरोबर पायरीपायरीनें चढे. कंपनीवरील तसा चढत नसे. पेटिट यांनीं चार खाजगी कंपन्या काढल्या आणि आपले रोखे त्यांच्या नांवें केले. बदल्यांत कंपन्यांचे भाग स्वतः घेतले. मग उत्पन्न येई तें कंपनीच्या वहींत जमा होई आणि तेथून पेटिट यांच्या हातीं जाई. वहींत मात्र त्यास 'कर्ज' म्हणत. मुंबई उच्च न्यायालयापुढें प्रकरण आलें. १९२७ च्या निवाड्यांत नोंदलेल्या या निकालाचा सारांश असा कीं, या कंपनीनें स्वतःचा म्हणून कांहीं धंदा केलाच नाहीं. उत्पन्न घ्यावें आणि कर्जाच्या मिषानें धन्यास परत द्यावें एवढ्यासाठींच ती जन्मली. अर्थात् ती कंपनी म्हणजे पेटिटच, आणि उत्पन्नही त्यांचेंच.

येथवर ऐकणारा म्हणेल कीं, ठीक झालें; ढोंग उघडें पडलें. परंतु पुढें सुमारें पाव शतकानें त्याच मुंबईंतून एक उलटें प्रकरण निघालें. बाचा गझदर या भागधारक बाईंस चहाच्या दोन कंपन्यांकडून २,७५० रुपये लाभांश मिळाला. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे. चहाच्या मळ्याचें उत्पन्न अर्धें शेतीचें, अर्धें कारखान्याचें, म्हणून नियमानें त्याचे ६० टक्के शेतीचे व ४० टक्के धंद्याचे मानले जातात. बाईंचें म्हणणें साधें होतें. कंपनीच्या ज्या नफ्यांतून हा लाभांश आला त्याचे ६० टक्के शेतीचे असतील, तर लाभांशाचेही ६० टक्के, म्हणजे १,६५० रुपये, शेतीचेच नाहींत काय? मुंबई उच्च न्यायालयानें नाहीं म्हटलें. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच ठरविलें. मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नव्हे. कंपनीच्या मालमत्तेंत भागधारकाचा वांटा नसतो. त्याला मिळतो तो लाभांश कंपनीशीं असलेल्या करारांतून मिळतो, जमिनींतून नव्हे. २,७५० रुपयांपैकीं एकही रुपया शेतीचा ठरला नाहीं.

पेटिट म्हणाले, आम्ही दोन आहोंत. न्यायालय म्हणालें, एकच. बाई म्हणाल्या, आम्ही एकच. न्यायालय म्हणालें, दोन. आणि दोन्ही वेळां सरकारी तिजोरीच जिंकली! कायदा दोन तोंडांनीं बोलतो, असा संशय सामान्य माणसास आला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. तथापि दोन्ही निकाल शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे विसंगति उरत नाहीं. चहाच्या कंपन्या खरोखर मळे पिकवीत होत्या, मजूर ठेवीत होत्या, चहा विकीत होत्या. त्यांचें अस्तित्व एका भागधारकावर अवलंबून नव्हतें. पेटिट यांच्या कंपनीला वहीखेरीज जगच नव्हतें. कंपनी स्वतःचें म्हणून कांहीं करते कीं नाहीं, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याच्याच उत्तरावर ही भिंत उभी राहते किंवा पडते.

खरी तक्रार करावयाची तर ती दुसरीकडे आहे. कंपनी आपल्या नफ्यावर कर भरते. उरलेल्या नफ्यांतून लाभांश वांटते. त्याच लाभांशावर भागधारक पुन्हां कर भरतो. १९२२ च्या कायद्यांत याला उपाय होता: कंपनीनें भरलेला आयकर भागधारकाच्या वतीनें भरला असें समजून त्याला त्याचें श्रेय मिळे. १९५९ सालीं ही पद्धति बंद झाली. १९९७ पासून लाभांशावरील कर कंपनीच भरूं लागली आणि, मधलें एक वर्ष सोडल्यास, सामान्य भागधारक सुटला. १ एप्रिल २०२० पासून तो कर गेला आणि लाभांश पुन्हां भागधारकाच्या उत्पन्नांत मोजला जाऊं लागला. जुनी पद्धति किचकट होती खरी, पण न्यायाची होती. सुटसुटीतपणासाठीं न्याय सोडावा लागला, हा सौदा कांहीं चांगला म्हणतां येत नाहीं.

आतां त्या छापखान्याकडे वळूं. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे दर घेऊं. छापखाना मालकाच्या स्वतःच्या नांवें असेल आणि वर्षाचा नफा १० लक्ष रुपये असेल, तर नव्या करपद्धतींत सवलत धरून त्याला आयकर शून्य. तोच छापखाना कंपनीचा असेल आणि कंपनीनें २२ टक्क्यांचा दर पत्करला असेल, तर अधिभार व उपकर मिळून २५.१६८ टक्के, म्हणजे २,५१,६८० रुपये द्यावे लागतात. कारण ४ लक्षांपर्यंत कर नाहीं ही सूट माणसाला आहे, कंपनीला नाहीं. तिच्यावर कर पहिल्या रुपयापासून. नफा १ कोटीच्या घरांत गेला म्हणजे पारडें फिरतें: मालकास २९,५१,५२० रुपये, कंपनीस २५,१६,८००. तोही फायदा नफा कंपनींतच राहील तोंवरचा. लाभांश म्हणून तो घरीं आणला कीं दुसरा कर हजर!

मग पुष्कळांस पेटिट यांचीच युक्ति सुचते. लाभांश नको, कर्ज घ्यावें. मुलीचें लग्न निघालें, कंपनीच्या पेटींतून ५ लक्ष उचलले, वहींत 'उसने' म्हणून लिहिले. कायद्यानें ही वाट केव्हांच अडविली आहे. ज्या खाजगी कंपनींत एखाद्यास निदान १० टक्के मताधिकार आहे, तिनें त्याला दिलेलें कर्ज, तिच्या सांठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, लाभांशच मानलें जातें. सावकारी हाच ज्या कंपनीचा मुख्य धंदा आहे तिची गोष्ट निराळी. आणि उसने घेतलेले पैसे परत केले तरी सुटका नाहीं. वर्ष संपण्यापूर्वीं कर्ज फेडलें होतें अशाही प्रकरणांत, १९७७ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें कर कायम ठेवला. दिलें त्या क्षणीं तें लाभांश झालें. परत केल्यानें त्याचें रूप पालटत नाहीं. नियम कठोर आहे, हें तेथें न्यायालयानेंही नाकारलें नाहीं.

१९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलांत येण्याचें ठरलें. भाषा सोपी झाली, कलमांचे आंकडे बदलले, परंतु हा कर्जाचा नियम तसाच पुढें आला. छापखान्याच्या धन्यास पैसा हवाच असेल तर संचालक म्हणून रीतसर वेतन घ्यावें, जागा स्वतःची असेल तर तिचें भाडें घ्यावें, पूर्वीं कंपनीस रक्कम दिली असेल तर तिचें व्याज घ्यावें. यांवर त्याला स्वतःला कर पडतो हें खरें, पण रक्कम वाजवी असली तर तेवढा कंपनीचा नफा कमी होतो आणि एकाच पैशावर दोनदां कर बसत नाहीं. मात्र ठराव आधीं, कराराचा कागद आधीं, आणि पैसा नंतर.