निजणाऱ्या मुलाशी खरे बोला
‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,’ असा धाक नांदेड-लातूरकडे आम्ही आईबाप मुलांना सर्रास घालतो. पुढे तेच मूल घोरू लागले, झोपेत त्याचा श्वास अडू लागला आणि रात्रभर दवाखान्यात निजवून त्याची झोप तपासायची वेळ आली, म्हणजे तो धाक आमच्यावरच उलटतो. भ्यालेले मूल झोपलेच नाही, तर तपासायचे काय?

वास्तविक या तपासणीत सुई टोचत नाहीत. डोक्याला व डोळ्यांजवळ तारा चिकटवतात, छाती-पोटाला पट्टे बांधतात, बोटाला चिमटा लावतात. हे मुलाला आधीच सांगावे. बाहुलीला दोरे चिकटवून दाखवावे. त्या दिवशी डोक्याला तेल नको, तारा चिकटत नाहीत. दुपारची झोप नको, चहाही नको. घरची गोधडी न्यावी, आईने किंवा वडिलांनी जवळ राहावे. फसवून मात्र नेऊ नये.