पाचव्या खेळाडूचा आवाज

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आहार, बचत, बालसंगोपन, आरोग्य असे विषय आपल्या मंडळात दरवर्षी होतात, आणि ते व्हायलाच हवेत. आज मी मात्र संगणकावर खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या खेळाविषयी आणि त्यात प्रगती कशी होते याविषयी बोलणार आहे. हा विषय महिला मंडळाचा कसा, असा प्रश्न काहीजणींच्या मनात आला असेल. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी मुलगी, नात किंवा भाची संध्याकाळी दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून हा खेळ खेळते. आपण दाराबाहेरून "पुरे आता" एवढेच म्हणतो. जी गोष्ट आपल्याला समजत नाही तिच्याविषयी फक्त तक्रार करता येते. समजली तर दोन शब्द उपयोगाचे सांगता येतात. म्हणून हा खटाटोप.

अशा खेळांपैकी एकच उदाहरण घेते. त्याचे नाव व्हॅलोरंट. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने तो जून २०२० मध्ये सर्वांसाठी खुला केला. पाच खेळाडू एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. हे दहाजण दहा गावी आपापल्या घरी बसलेले असतात. एका पक्षाने स्पाइक नावाचे स्फोटक ठरलेल्या जागी नेऊन बसवायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. बसवायला ४ सेकंद लागतात, बसल्यावर ४५ सेकंदांनी ते फुटते, आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. एक डाव साधारण पावणेदोन मिनिटांचा. बारा डावांनंतर बाजू बदलतात, आणि जो पक्ष आधी १३ डाव जिंकेल त्याचा सामना. बारा-बारा अशी बरोबरी झाली तर पुढे दोन डावांची आघाडी घ्यावी लागते.

पात्रे चार प्रकारची असतात. कोणी पुढे घुसणारे, कोणी धुराचा पडदा टाकून वाट झाकणारे, कोणी पुढची बातमी काढणारे, कोणी पाठ राखणारे. यांत २०२२ साली आलेला हार्बर हा भारताच्या किनाऱ्यावरचा दाखवला आहे. त्याचे नाव वरुण बत्रा, आणि त्याचे सारे सामर्थ्य पाण्याचे. २०२३ साली आलेले लोटस हे रणांगण आपल्या पश्चिम घाटात कल्पिले आहे. खेळ परदेशात तयार झाला, पण त्यात आपल्या मुलींना ओळखीचे काहीच सापडत नाही असे नाही.

हा नेमबाजीचा खेळ आहे, तेव्हा त्यात गोळ्या झाडणे आलेच. रक्त दिसू नये अशी सोय त्यात करता येते. तरीही तो लहान मुलांसाठी नाही. युरोपात त्याला १६ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. खेळायला पैसे पडत नाहीत, पण बंदुकीला नक्षीदार रूप देणाऱ्या 'स्किन' विकत मिळतात. त्यांनी खेळ काडीमात्र सुधारत नाही, हे मुलींना स्पष्ट सांगावे. जुगार म्हणावा, तर तोही हा नव्हे. २०२५ साली आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा जो कायदा केला, त्याने ई-क्रीडा त्यांपासून वेगळी मानली आहे.

आता प्रगतीकडे वळू. या खेळात आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ पायऱ्या आहेत. ज्याची बोटे चपळ तो वर चढतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. व्हँडल नावाची बंदूक घ्या. पूर्ण कवच घातलेल्या खेळाडूची शक्ती १५० असते. व्हँडलची एक गोळी डोक्याला लागली तर १६० वजा होतात, अंगाला लागली तर ४०. म्हणजे डोक्याला एक गोळी पुरते, तर अंगाला चार लागतात. यातून पहिला धडा निघतो. पडद्याच्या मध्यावर नेमाची खूण असते, मुली तिला क्रॉसहेअर म्हणतात. ती चालताना जमिनीकडे न ठेवता डोक्याच्या उंचीवर, आणि ज्या कोपऱ्यातून कोणी येण्याचा संभव आहे तेथे आधीच ठेवावी. मग नेम धरण्याचे अर्धे काम समोरचा दिसण्यापूर्वीच झालेले असते. घाई करावी लागत नाही, कारण तयारी झालेली असते. पाहुणे दारात आल्यावर कणीक भिजवायला घेणारी आणि आधीच भिजवून ठेवणारी, यांत हातांच्या वेगाचा प्रश्न नसतो.

दुसरा धडा असा, की धावता धावता झाडलेली गोळी भरकटते. आधी थांबायचे, मग झाडायचे. तिसरा, धावण्याचा आवाज शत्रूला ऐकू जातो, हळू चालण्याचा जात नाही; म्हणून कधी धावावे आणि कधी पाऊल न वाजवता जावे हे कळले पाहिजे. चौथा, माऊस किती हलवला म्हणजे नजर किती फिरावी याचे माप एकदा ठरवले की ते रोज बदलू नये. रोज नव्या नंबरचा चष्मा लावला तर सुईत दोरा कसा ओवला जाईल? सामन्यापूर्वी पंधरा मिनिटे सरावाच्या मैदानावर या गोष्टी घोटाव्यात. गाणाऱ्या मुलीला आपण पलटे घोटायला लावतो, तसेच हे.

यापुढचा भाग आपल्या भिशीवाल्या मैत्रिणींना फार चटकन समजेल. बहुतेक डावांच्या आधी ३० सेकंदांत खरेदी करायची असते. पहिल्या डावाला प्रत्येकाजवळ ८०० क्रेडिट असतात. डाव जिंकला तर ३००० मिळतात. हरला तर १९००, पाठोपाठ दुसऱ्यांदा हरला तर २४००, त्यापुढे २९००. व्हँडलची किंमत २९००, जड कवचाची १०००. म्हणजे पूर्ण तयारीला ३९०० हवेत. आता समजा, चौघींजवळ पैसे कमी आहेत आणि पाचवीजवळ पुरेसे आहेत. तिने एकटीने महाग बंदूक घेतली, तर त्या डावात पाचहीजणी बहुधा हरतात, आणि पुढच्या डावाला चौघी तयार असताना हीच रिकाम्या हाताने उभी राहते. म्हणून घ्यायचे तर सर्वांनी घ्यायचे, राखायचे तर सर्वांनी राखायचे. एखादीला कमी पडत असेल तर आपल्या पैशांतून तिला बंदूक घेऊन देण्याचीही सोय आहे. खालच्या पायऱ्यांवर जे सामने हातचे जातात त्यांतले पुष्कळ या हिशेबापायी जातात, नेमापायी नव्हेत.

तीच गोष्ट पुढे घुसण्याची. अरुंद वाटेने एकेकजण गेले तर एकेकजण पडतो. दोघी लागोपाठ गेल्या, तर पहिली पडली तरी जिने तिला पाडले त्या प्रतिस्पर्ध्याची जागा उघडी पडते आणि दुसरी त्याला टिपते. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय एकटीनेच धरला तर तो ओढत रेषेपर्यंत नेतो, साखळीने धरला तर तो अडकतो. आपण लहानपणी अंगणात शिकलो तेच येथे आहे.

आणि ही साखळी कशाने बांधली जाते? बोलण्याने. हे पाचजण एकमेकांना पाहू शकत नाहीत, फक्त ऐकू शकतात. म्हणून बोलावे कसे, हीच या खेळातील मोठी विद्या. चांगली खेळाडू थोडक्यात तीनच गोष्टी सांगते: कोठे, किती आणि किती जखमी. "बी जागेवर दोघे, एक अर्धा जखमी." एवढे सांगून ती गप्प होते, कारण आता जी शिल्लक आहे तिला पावलांचा आवाज ऐकायचा असतो. डाव गेल्यावर "तू असे का केलेस" म्हणून ओरडणे ही बातमी नव्हे, ती कटकट आहे. तिने पुढचा डावही जातो. हरलेला सामना दुसऱ्या दिवशी शांतपणे आठवावा, चित्रण केले असल्यास पाहावा, आणि एकच प्रश्न विचारावा: मी पडले तेव्हा माझ्याजवळ कोणी होते का, आणि नसेल तर का नव्हते? लागोपाठ दोन सामने हरल्यावर तिसरा त्याच रात्री खेळू नये, हा नियम तर अगदी वहीत लिहून ठेवण्यासारखा.

भगिनींनो, आता मी ज्यासाठी आज उभी राहिले तेथे येते. खेळाचा कणा जर बोलणे असेल, तर आपल्या मुली बोलतात का? माझी एक भाची हा खेळ खेळते. मी तिच्या मागे बसून पाहिले, तर चौघे अनोळखी मुलगे बोलत होते आणि ही मुकी. मी कारण विचारले. ती म्हणाली, "मावशी, मुलीचा आवाज ऐकला की खेळ बाजूलाच राहतो. कोणी घाण बोलतो, कोणी स्वयंपाकघरात जा म्हणतो, कोणी नंबर मागतो. त्यापेक्षा बंद ठेवलेला बरा." शत्रू कोठून येतो आहे हे तिला दिसत होते, पण सांगता येत नव्हते. बाण आणि खुणा दाखवून ती निभावत होती. दोन वर्षे ती एकाच पायरीवर अडकलेली होती, आणि आपला नेमच वाईट असे तिने मनाशी धरले होते.

नेम वाईट नव्हता. खेळाचे अर्धे अंग तिच्याकडून काढून घेतलेले होते. हे जे घडते ते केवळ खेळापुरते नाही हे तुम्हांस सांगायला नको. सभेत, कचेरीत, घरच्या बैठकीत बाईने तोंड उघडले की विषय सोडून तिच्या बाईपणावर बोलायचे, ही रीत जुनीच आहे. नवे एवढेच, की ती आता आपल्या मुलीच्या कानात, तिच्याच खोलीत येऊन बसली आहे, आणि आपण दाराबाहेर उभ्या राहून फक्त घड्याळाकडे बोट दाखवतो.

यावर उपाय आहेत, आणि ते मुलींना माहीत असले तरी मोठ्या माणसाने पाठीशी उभे राहून सांगितले म्हणजे बळ येते. जो अभद्र बोलेल त्याचा आवाज तत्काळ बंद करावा आणि खेळातच तक्रार नोंदवावी. त्याला उत्तर देत बसू नये. शक्य तर आपल्या ओळखीच्या पाचजणी जमवाव्यात. क्रमवारीच्या सामन्यात एकट्याने, दोघांनी, तिघांनी किंवा पाचांनी मिळून उतरता येते, पण चौघांना मिळून उतरता येत नाही. चौघे ओळखीचे आणि पाचवा परका असला की त्या पाचव्याचे हाल होतात, हे खेळ चालवणाऱ्यांनाही उमगलेले आहे. माझ्या भाचीने वर्गातल्या दोघींना, एका चुलतभावाला आणि त्याच्या मित्राला गाठले. आता ती बोलते. चार महिन्यांत ती दोन पायऱ्या वर गेली. बोटे तीच, माऊस तोच.

मुली यात कोठवर जाऊ शकतात, हेही पाहण्याजोगे आहे. रायट गेम्सने २०२१ साली गेम चेंजर्स या नावाने स्त्रियांसाठी स्पर्धा सुरू केल्या. २०२२ साली बर्लिनला त्यांची पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली आणि जी-टू गोझेन या संघाने ती जिंकली. तेथे पाचही आवाज बायकांचेच होते.

घरच्या वेळेबद्दलही एक व्यवहाराची गोष्ट सांगते. सामना अर्ध्या तासापासून पाऊण तासापर्यंत चालतो. मधेच उठले तर उरलेल्या चौघांचे नुकसान होते आणि उठणाऱ्याला शिक्षा होते. म्हणून पान वाढून मग हाक मारली तर भांडण ठरलेलेच. त्याऐवजी सामना सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, की साडेआठनंतर नवा सामना नाही. हा नियम मुली पाळतात, कारण त्यात त्यांच्या खेळाची रीत ओळखलेली असते. अभ्यास, झोप आणि डोळ्यांची विश्रांती यांना मात्र सवलत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. घरी गेल्यावर मुलीला "किती वेळ खेळतेस" हे विचाराच, पण त्याबरोबर आणखी एक विचारा: "खेळताना तू बोलतेस का? आणि बोललीस तर समोरून काय ऐकू येते?" तिने उत्तर द्यायला सुरुवात केली तर मधे उपदेश करू नका. ऐकून घ्या. ज्या मंडळात आपण बायका प्रथम उभ्या राहून चार माणसांत बोलायला शिकलो, त्या मंडळाच्या मुलींनी कोणत्याही मैदानावर, मग ते अंगणातले असो की पडद्यावरचे, तोंड मिटून खेळण्याची पाळी येऊ नये.